तीन मिलिमीटरांचा खटला

पृथ्वीच्या वातावरणातील सगळा ओझोन वायू, जो मुख्यतः पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीच्या टापूत अतिशय विरळपणे पसरलेला आहे, तो खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तापमानात एकवटता आला, तर त्याचा थर सरासरी तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर भूतलावरील जीवसृष्टीची केवढी मदार आहे, हे मनुष्याच्या ध्यानात यायला फार उशीर लागला. सूर्यप्रकाशाबरोबर येणारे अतिनील किरण, ज्यांना आपल्याकडील जुन्या शास्त्रीय पुस्तकांत जंबुपार किरण म्हणत, त्यांपैकी जे अत्यंत घातक ते सगळे आणि जे त्याखालोखाल घातक त्यांचा बहुतेक भाग हा थर वरच्या वर शोषून घेतो. तो विरळ झाला की त्वचेच्या कर्करोगाचे व मोतीबिंदूचे प्रमाण वाढते, आणि पिकांपासून समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपर्यंत पुष्कळांना त्याची झळ पोचते.

या तीन मिलिमीटरांवरून 1974 साली जो वाद उभा राहिला, तो पन्नास वर्षांनंतरही पुरता निकालात निघालेला नाही. फक्त त्याचा मुद्दा बदलला आहे. पूर्वी थर कशामुळे विरळ होतो असा प्रश्न होता, आता तो खरोखर भरून येत आहे काय असा आहे. शास्त्रज्ञ, कारखानदार, मंत्री आणि वृत्तपत्रे अशा सर्वांनी या वादात आपापली कैफियत मांडली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा अतिशयोक्तीही केली. तरीही विसाव्या शतकातील सार्वजनिक वादांत हा एक मोठा सुदैवी वाद होता असे मी मानतो. कारण यात प्रत्येक पक्षाला अखेर असे विधान करणे भाग पडले की जे मोजून खरे किंवा खोटे ठरविता येईल, आणि ते मोजणारी, वर्षानुवर्षे निमूटपणे आकडे लिहून ठेवणारी माणसे जगाच्या कानाकोपऱ्यांत आधीपासूनच बसलेली होती.

आरोपीची हकिगत अशी. 1920 च्या दशकात घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू वापरीत, आणि गळती झाली तर घरातली माणसे दगावत. 1928 साली जनरल मोटर्सच्या पदरी असलेले टॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांच्या संयोगातून असा वायू सिद्ध केला की जो जळत नाही, विषारी नाही, धातूला खात नाही आणि कशाशीही सहसा संयोग पावत नाही. 1930 साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि सावकाश बाहेर सोडून त्याने जळती मेणबत्ती विझवून दाखविली. म्हणजे वायू विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे दोन्ही एका श्वासात सिद्ध झाले. याच गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी पेट्रोलात शिसे मिसळण्याची युक्ती काढली होती. एकाच माणसाच्या हातून, आणि तेही जगाचे कल्याण करण्याच्या भावनेने, वातावरणाचे इतके नुकसान व्हावे असा दुसरा दाखला सापडणे कठीण.

फ्रेऑन या व्यापारी नावाने हा वायू आणि त्याची भावंडे, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) वर्गातील वायू, पुढील चार दशकांत घरोघर पोचले. शीतकपाट, वातानुकूलन यंत्र, गादीतला व पॅकिंगमधला फोम, सुगंधी द्रव्याचा फवारा, विद्युत्‌मंडले धुण्याचे द्रावण, जेथे पाहावे तेथे हेच. आपल्याकडे ‘फ्रीजचा गॅस गेला’ असे जे म्हणत तो हाच गॅस. फ्रीज थंड करीनासा झाला की दुरुस्तीवाला येई, मागच्या बाजूची तांब्याची बारीक नळी कापी, आत उरलासुरला वायू क्षणभर फुस्स करून बाहेर पडे, मग तो गळतीची जागा शोधून झाळ देई, आपल्या सिलिंडरातून नवा गॅस भरी, दाबाचा काटा पाही, पैसे घेई आणि निघून जाई. त्या फुस्स आवाजाला ना रंग होता ना वास, आणि त्याबद्दल कोणाच्या मनात किंतु येण्याचे काही कारणही नव्हते.

तो वायू पुढे जातो कोठे, हा प्रश्न प्रथम कोणाला भेडसावला असेल तर तो इंग्लंडातील जेम्स लव्हलॉक यांना. अत्यल्प प्रमाणातील द्रव्ये हुडकून काढणारे एक विलक्षण संवेदनशील यंत्र त्यांनी स्वतः बनविले होते. ते घेऊन 1971 साली ‘शॅकलटन’ या संशोधन नौकेवरून ते अंटार्क्टिकापर्यंत गेले, आणि वाटेत जेथे जेथे त्यांनी हवा तपासली तेथे तेथे, वस्तीपासून हजारो मैल दूर असलेल्या समुद्रावरसुद्धा, त्यांना हा वायू आढळला. 1973 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, परंतु त्यापासून काही अपाय संभवत नाही असे मतही सोबत नोंदवून ठेवले. आकडे अचूक आणि अनुमान चुकीचे, असा हा प्रकार. त्या आकड्यांवरून योग्य अनुमान काढण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील शेरवूड रोलंड आणि त्यांचे मेक्सिकोहून आलेले तरुण सहकारी मारिओ मोलिना यांनी केले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. हा वायू पावसात विरघळत नाही, खालच्या हवेतील कशानेही त्याचे विघटन होत नाही. तेव्हा तो हळूहळू वर चढत स्थितांबरात पोचणार, आणि तेथील प्रखर अतिनील किरण त्याचा रेणू फोडून क्लोरीनचा अणू मोकळा करणार. हा सुटा अणू ओझोनच्या रेणूतील ऑक्सिजनचा एक अणू हिसकावून घेतो, तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. अशा रीतीने एकच क्लोरीन अणू, कशात तरी अडकून निकामी होण्यापूर्वी, लाखभर ओझोन रेणूंचा फडशा पाडू शकतो. 28 जून 1974 च्या ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध आला. त्यापूर्वी पॉल क्रुट्झन यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची अशीच करामत दाखविली होती आणि तिच्यावरून ध्वनीहून वेगवान विमानांविषयी अमेरिकेत बराच गदारोळ होऊन गेला होता. परंतु आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तो प्रत्येकाच्या स्नानगृहातील फवाऱ्याचा डबा.

कारखानदारांनी स्वाभाविकपणे फिर्याद नाकारली. या वायूंचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या ड्यूपॉन्ट कंपनीने 1975 साली वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन जगाला जाहीर वचन दिले की, आमच्या मालापासून अपाय होतो असे विश्वसनीय पुराव्याने ठरले तर आम्ही उत्पादन थांबवू. व्यवसायाच्या वतीने लंडनचे हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड स्कोरर यांचा अमेरिकाभर दौरा योजण्यात आला आणि त्यांनी ठिकठिकाणी या सिद्धान्ताची टर उडविली. कारखानदारांचे म्हणणे सर्वस्वी दांभिक होते असे मात्र मी म्हणणार नाही. तोपर्यंत वरच्या हवेत ओझोन घटलेला कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता; सगळी भिस्त प्रयोगशाळेतील वेगमापनावर आणि संगणकातील गणितावर होती, आणि ते गणित दरवर्षी रंग बदलीत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अंतिम घट किती होईल याचा अंदाज 1979 साली साडेसोळा टक्क्यांच्या आसपास वर्तविला, 1982 साली तो पाच ते नऊ टक्के झाला आणि 1984 साली दोन ते चार टक्क्यांवर उतरला. ज्याला शंका घ्यायची होती त्याला याहून चांगले निमित्त कोणते मिळणार? 1978 च्या सुमारास अमेरिका, कॅनडा, स्वीडन यांनी फवाऱ्यांतील वापर बंद केला, तेवढ्याने लोकांचे समाधान झाले, आणि प्रकरण थंडावले. ब्रिटन आणि फ्रान्स यांची सरकारे तर त्याहून पुढे जायला मुळीच राजी नव्हती.

येथे या खटल्यात एक अनपेक्षित साक्षीदार आला. वेडेल समुद्राच्या काठी, तरंगत्या हिमफलाटावर, ब्रिटनचे हॅली नावाचे ठाणे आहे. 1957 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने ते उभारले गेले, आणि तेव्हापासून तेथे ओझोन मोजण्याचा शिरस्ता पडला. मोजण्याचे उपकरण ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी 1920 च्या दशकात योजलेले, हातभराहून बरीच लांब अशी धातूची पेटी. तिच्यात क्वार्ट्‌झचे लोलक. सूर्याच्या प्रकाशातील दोन अतिनील छटा निवडायच्या, एक ओझोन जिला गिळतो ती, आणि दुसरी जिला तो फारसा शिवत नाही ती. दोहोंची तीव्रता सारखी होऊन काटा स्थिर होईपर्यंत तबकडी फिरवायची, आणि तबकडीवरचा आकडा वेळेसह वहीत लिहायचा. वर्षातले तीनेक महिने तेथे सूर्यच उगवत नाही, तेव्हा चंद्रप्रकाशावर भागवायचे. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करावी. लंडनमध्ये खर्चात काटकसर करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना या मोजणीचा उपयोग काय असे वाटणेही अस्वाभाविक नव्हते.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या केंब्रिज येथील कचेरीत जोनाथन शँकलिन नावाचा तरुण 1977 पासून या जुन्या वह्यांतील साचलेल्या आकड्यांची संगणकात भरणी करण्याच्या कामावर होता. लोकांसाठी कचेरी खुली ठेवण्याच्या दिवशी, फवाऱ्यांच्या भीतीने अस्वस्थ झालेल्या नागरिकांना धीर यावा म्हणून, ओझोनमध्ये काहीच बदल झालेला नाही असा आलेख मांडावा या हेतूने त्याने आकडे पुढे घेतले, आणि आलेख भलतेच सांगू लागला. दरवर्षी दक्षिणेकडील वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, ओझोन खाली जात होता. साठच्या दशकात जो सरासरी तीनशे डॉब्सन एककांच्या, म्हणजे तीन मिलिमीटरांच्या, आसपास असे, तो 1984 पर्यंत दोनशेच्या घरात आला होता. जोसेफ फार्मन हे वरिष्ठ शास्त्रज्ञ सावध प्रकृतीचे. उपकरण जुने झाले असेल म्हणून दुसरे पाठविले, त्यानेही तेच दाखविले. दुसऱ्या एका ब्रिटिश ठाण्यावरील नोंदी ताडून पाहिल्या, तेथेही घट होती. मग फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांचा निबंध मे 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. जपानच्या स्योवा ठाण्यावरील चुबाची यांनी वर्षभर आधी असेच कमी आकडे एका परिषदेत मांडले होते. त्यांतला आशय मात्र कोणी ओळखला नाही.

अमेरिकेचा ‘निंबस-7’ उपग्रह 1978 पासून रोज याच प्रदेशावरून फिरत होता, मग त्याला हे कसे दिसले नाही? संगणकाने कमी आकडे कचऱ्यात टाकले अशी आख्यायिका पसरली आहे, ती पुरती खरी नाही. 180 एककांखालचे आकडे संशयास्पद ठरवून बाजूला ठेवण्याची तरतूद आज्ञावलीत होती. ते टाकून दिलेले नव्हते, परंतु त्यांचा तपास रेंगाळला होता. 1985 च्याच ऑगस्टमध्ये प्राग येथील सभेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन भार्तिया यांनी उपग्रहाच्या मोजणीवरून काढलेली चित्रे दाखविली, तेव्हा हॅलीच्या एका ठिपक्याच्या जागी अंटार्क्टिक खंडाएवढा प्रदेश विरळ झालेला जगाने पाहिला. ‘ओझोन छिद्र’ हा शब्द तेथून लोकांच्या तोंडी झाला, जरी ते छिद्र म्हणजे भोक नसून एक खोल उतार आहे.

या मोजणीशी आपल्या देशाचाही जुना संबंध आहे. डॉब्सनच्या पहिल्या मोजक्या उपकरणांपैकी एक 1920 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कोडाईकॅनल वेधशाळेत आले होते, आणि भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी या विषयात एवढे नाव मिळविले की आंतरराष्ट्रीय ओझोन मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. फुग्याला बांधून वर सोडायचे भारतीय ओझोनमापक हे तर पुण्याच्या हवामान खात्याचे अपत्य, ज्याच्या कचेरीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. अंटार्क्टिकावरील आपल्या ‘मैत्री’ ठाण्यावरून असे फुगे सोडले जातात. त्या मोहिमांची व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागरी संशोधन केंद्र पाहते.

असो. घट तर झाली होती. परंतु तिचा अपराधी क्लोरीनच, हे अजून ठरायचे होते, आणि येथे वादाला खरी रंगत आली. एका पक्षाचे म्हणणे असे की सूर्यावरील डागांच्या चक्रामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे वाढून त्यांनी ओझोन खाल्ला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की तेथील वाऱ्यांची घडी बदलली आणि ओझोन कमी असलेली खालची हवा वर चढू लागली. तिसरा पक्ष क्लोरीनचा. त्याची अडचण अशी की रोलंड-मोलिना यांच्या गणितानुसार घट व्हायला हवी ती चाळीस किलोमीटरांवर आणि अगदी सावकाश, आणि ही तर वीस किलोमीटरांच्या आत, दीड महिन्यात होत होती. शिवाय सामान्य माणसाचा रोकडा सवाल होताच: फ्रीज आणि फवारे उत्तर गोलार्धात, मग भोक दक्षिण ध्रुवावर कसे?

या सवालाचे उत्तर 1986 साली सुसान सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले. हे वायू वर्षानुवर्षे टिकत असल्याने ते सोडले कोठेही तरी जगभर सारखे मिसळतात. वेगळेपण आहे ते दक्षिण ध्रुवाच्या हिवाळ्यात. त्या अंधाऱ्या महिन्यांत तेथील हवा एका प्रचंड भोवऱ्यात कोंडली जाते आणि तापमान उणे 78 अंशांखाली जाते, तेव्हा एरवी कोरड्या असलेल्या स्थितांबरातही मोत्यासारखे चमकणारे विरळ ढग धरतात. एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला क्लोरीन या ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर मोकळा होतो, आणि सप्टेंबरात सूर्य उगवताच संहाराला आरंभ होतो. उत्तर ध्रुव एवढा थंड क्वचितच होतो, म्हणून तिकडे असे छिद्र सहसा पडत नाही. अनुमान सुंदर होते, पण अनुमानच. सॉलोमन यांनी त्याच वर्षी ऐन हिवाळ्यात अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो ठाणे गाठले. तेथे क्लोरीनची संयुगे अपेक्षेहून कितीतरी पट आढळली आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उलट कमी भरली. सूर्यडागांचा पक्ष तेथेच निकालात निघाला. वर चढणाऱ्या हवेचा पक्षही टिकला नाही, कारण भोवऱ्यातील हवा वर न चढता खाली उतरत असल्याची खूण इतर वायूंच्या प्रमाणात स्पष्ट होती.

शेवटची साक्ष 1987 ची. चिलीच्या दक्षिण टोकाच्या पुंता अरेनास गावाहून ‘ईआर-2’ जातीचे, एकट्या वैमानिकाचे विमान सुमारे अठरा किलोमीटर उंचीवरून भोवऱ्यात शिरले; त्याच्या पंखाखाली हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांचे, क्लोरीन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र होते. ऑगस्टच्या उड्डाणात भोवऱ्याच्या आत क्लोरीन चढलेला होता पण ओझोन अजून शाबूत होता. 16 सप्टेंबरच्या उड्डाणात मात्र दोन रेषा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या आल्या. क्लोरीनची रेषा जेथे इंचभर चढे तेथे ओझोनची तितकीच उतरे, लहानसहान खाचखळग्यांसकट. ज्यांनी तो आलेख पाहिला त्यांना पुढे व्याख्यानाची गरज उरली नाही.

आणि योगायोग पाहा, त्याच दिवशी, 16 सप्टेंबर 1987 रोजी, माँट्रियल येथे चोवीस राष्ट्रे आणि युरोपीय समुदाय यांनी या वायूंवर निर्बंध घालणाऱ्या तहनाम्यावर सह्या केल्या. विमानातला आलेख त्यांच्यापुढे अर्थातच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा यांनी हे घडवून आणले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील डॉनल्ड होडेल यांनी त्याआधी काही महिने तहापेक्षा लोकांनी टोप्या आणि काळे चष्मे वापरावेत असा मार्ग सुचविल्याचे वृत्त फुटून त्यांची फार थट्टा झाली होती. तहातील कलम तसे मवाळच होते: 1999 पर्यंत उत्पादन निम्म्यावर आणायचे. तेवढ्याने थर वाचला नसता. तहाचे शहाणपण त्यातील एका तरतुदीत होते, ती अशी की ठराविक मुदतीने शास्त्रीय पुराव्याचा फेरविचार करून कलमे कडक करता येतील. मार्च 1988 मध्ये जागतिक मोजणीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अवघ्या काही दिवसांत ड्यूपॉन्टने तेरा वर्षांपूर्वीचे वचन पाळण्याचे जाहीर केले. 1990 साली लंडनला आणि 1992 साली कोपनहेगनला मुदती आणखी जवळ आणल्या गेल्या.

लंडनच्या परिषदेत आपला देश वादी म्हणून उभा राहिला, आणि माझ्या मते तो वाद न्याय्य होता. श्रीमंत राष्ट्रांनी पन्नास वर्षे हवा बिघडवायची आणि ज्यांच्या घरी अजून फ्रीज आला नाही त्यांनी महागडे पर्यायी वायू विकत घ्यायचे, हे भारत आणि चीन यांनी मान्य केले नाही. तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू तेथे जोरात मांडली. परिणामी बहुपक्षीय निधी उभा राहिला. तीन वर्षांसाठी 16 कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर 24 कोटी. भारत 1992 साली तहात सामील झाला आणि ठरलेल्या 2010 च्या मुदतीपूर्वीच, 2008 साली, दम्याच्या फवाऱ्यांपुरता अपवाद वगळून, त्याने या वायूंचे उत्पादन बंद केले. मुंबईच्या गोदरेजसारख्या कारखान्यांनी फ्रीजमध्ये हायड्रोकार्बन वर्गातील वायू आणले, ते याच ओघात.

येवढ्याने वाद संपायला हवा होता. पण नव्वदच्या दशकात अमेरिकेत तो नव्या जोमाने पेटला. ज्वालामुखीतून कितीतरी पट क्लोरीन बाहेर पडतो, असे एक म्हणणे. पण तो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात असतो आणि बव्हंशी पावसाबरोबर धुऊन खाली येतो, शिवाय स्थितांबरात क्लोरीनच्या जोडीने फ्लोरीनही वाढलेला उपग्रहांनी मोजला, जो कोणताही ज्वालामुखी एवढ्या प्रमाणात वर पोचवीत नाही. हे वायू हवेहून जड, ते वर जातीलच कसे, असे दुसरे. पण वातावरण हे ढवळले जाणारे द्रव्य आहे, त्यात जड-हलके शंभर किलोमीटरपर्यंत मिसळलेलेच असते, आणि फुग्यांनी हे वायू वर गोळा केलेलेही होते. छिद्र डॉब्सन यांनाच 1956 साली दिसले होते, असे तिसरे. वास्तविक डॉब्सन यांना आढळले ते इतकेच की हॅलीवरचा वसंतातला ओझोन उत्तरेकडील स्पिट्सबर्गनपेक्षा कमी असतो, आणि तो कमी म्हणजे तीनशे, दीडशे नव्हे. दुसऱ्या बाजूनेही अतिरेक झाला. चिलीच्या दक्षिणेस ओझोन छिद्रामुळे मेंढ्या आंधळ्या झाल्याच्या बातम्या जगभर छापल्या गेल्या. डॉक्टरांनी जाऊन पाहिले तेव्हा ती डोळ्यांची संसर्गजन्य साथ निघाली. सप्टेंबर 1995 मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात या शास्त्रावर शंका घेणारी सुनावणी झाली, आणि पुढच्याच महिन्यात क्रुट्झन, मोलिना आणि रोलंड यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

आता थर भरून येण्याविषयी. हे वायू पन्नास ते शंभर वर्षे टिकतात, तेव्हा उत्पादन बंद झाले म्हणजे लगेच ओझोन वाढेल ही अपेक्षाच चुकीची. सॉलोमन यांनी 2016 साली सप्टेंबरातील छिद्र 2000 पासून सुमारे 40 लाख चौरस किलोमीटरनी आकुंचित झाल्याचे दाखविले. नंतर 2018 साली हवाईच्या मावना लोआ वेधशाळेतील नोंदींवरून, बंदी असलेला सीएफसी-11 हा वायू कोणीतरी चोरून सोडत असल्याचे उघडकीस आले. कोरिया आणि जपान येथील मोजणीने माग काढीत बोट पूर्व चीनच्या शानतुंग आणि हपेइ प्रांतांकडे वळविले, कारवाई झाली, आणि 2019 पासून आकडे पुन्हा उतरले. तहाची अंमलबजावणी प्रतिज्ञापत्रांवर न होता हवेतील नमुन्यांवर झाली, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

तथापि 2020 ते 2023 ही चार वर्षे छिद्र मोठे आणि दीर्घकाळ टिकणारे राहिले, आणि शंकेखोरांना पुन्हा वाचा फुटली. न्यूझीलंडच्या काही संशोधकांनी 2023 साली ऑक्टोबरातील छिद्राच्या गाभ्यात 2004 पासून घटच दिसते असे प्रतिपादन केले. या वर्षांत ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा धूर स्थितांबरात गेला, जानेवारी 2022 मध्ये टोंगाजवळच्या समुद्री ज्वालामुखीने पाण्याची वाफ प्रचंड प्रमाणात वर फेकली, आणि ध्रुवीय भोवरा एरवीपेक्षा चिवट राहिला. या सगळ्याचा हिशेब वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे इतरांचे उत्तर आले. 2025 साली सॉलोमन यांच्या गटाने संख्याशास्त्राच्या आधारे, भरून येण्याची खूण 95 टक्के खात्रीने दिसते असे मांडले. ओझोनविषयी दर चार वर्षांनी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनाच्या 2022 च्या अहवालानुसार 1980 ची पातळी जगाच्या बहुतेक भागांत 2040 च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर 2045 च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर 2066 च्या सुमारास गाठली जाईल. यात खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. 2004 साली सोडलेला नासाचा ‘ऑरा’ उपग्रह, ज्याने ओझोनबरोबर क्लोरीनच्या संयुगांचीही मोजणी केली, तो आयुष्याच्या अखेरीस आला आहे, आणि त्याच्या तोडीचा वारसदार तयार नाही. दप्तरच बंद पडले तर पुढील वाद निकालात काढायचे कशाच्या आधारे?

सीएफसीच्या जागी जे हायड्रोफ्लुरोकार्बन आले ते ओझोनला शिवत नाहीत, परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो-हजारो पट समर्थ आहेत. म्हणून 2016 साली रुआंडातील किगाली येथे त्यांनाही तहात गोवण्यात आले, आणि भारताने 2021 साली ती दुरुस्ती मान्य करून 2047 पर्यंत त्यांचा वापर 85 टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन पत्करले. सीएफसी आणि हायड्रोफ्लुरोकार्बन या दोहोंच्या मधला आर-22 हा वायू अद्याप पुष्कळ जुन्या वातानुकूलन यंत्रांत आहे. ओझोनला तो आजही अपायकारक आहे, आणि विकसनशील देशांत त्याची मुदत 2030 साली संपते, दुरुस्तीपुरती थोडी सवलत 2040 पर्यंत. ज्या वाचकांच्या घरी असे यंत्र असेल त्यांनी त्याच्या पाठीवरची पाटी वाचावी, आणि आर-22 असे लिहिलेले आढळल्यास, गॅस भरताना किंवा यंत्र मोडीत काढताना, आतला वायू हवेत न सोडता सिलिंडरात उतरवून घेण्यास कारागिराला बजावावे. त्याच्याकडे तशी साधने नसतील तर दुसरा कारागीर बोलवावा.